वरचे काका

"साक्षीला बायको नको, मुलगी नको, गिऱ्हाईकही नको," दुकानात आलेल्या वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला वर्षानुवर्षं रोज बघत आलेला परका माणूस हवा. आहे असा कोणी?"

सोफेवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

सोफेवाला ऐन तारुण्यात या देशात रीतसर आला आणि इथलाच होऊन गेला. जुन्या सोफ्यांची कापडं बदलायची, स्प्रिंगा आवळायच्या, खिळे ठोकायचे. तळमजल्यावर पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. लग्न इथे, मुलगी इथे. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायची तेवढी राहून गेली. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता डोक्याचे केस पांढरे झाले. धंदाही सगळा तोंडी. गिऱ्हाइकाने शब्द द्यायचा, याने सोफा. आता हुकूम आला होता: इथे सलग राहिल्याचं सिद्ध करा, नाहीतर महिनाअखेर देश सोडा.

"तसा एकच उरलाय," बायको म्हणाली. "बाकी सगळी बिऱ्हाडं बदलली. पण तो जीव गेला तरी साक्ष द्यायचा नाही."

"कोण तो?"

"वरचे काका."

वरचे काका म्हणजे सोफेवाल्याचा हाडवैरी. खाली हातोडी सुरू झाली की ते वरून काठी आपटत. जिन्यात गाठ पडली की "तुम्ही बाहेरची माणसं, तुम्हाला काय कळणार शेजारधर्म!" म्हणून सुनावत. पोलिसांना बोलावण्याची धमकी तर नेहमीची. बोलावलं मात्र कधीच नाही. गरजेल तो पडेल काय, असं म्हणून सोफेवाला पुढचा खिळा मुद्दाम जोरात ठोकायचा.

शिवाय म्हातारा एक नंबरचा चिक्कू. मागे जिन्यात घसरून पडला, मनगट टम्म सुजलं, तरी दवाखान्यात जाईना. शेवटी सोफेवाल्याच्या बायकोने सोफ्याची पट्टी लावून हात बांधला. तेवढा वेळ तो तिला गाठ कशी मारावी हेच शिकवत होता.

दोघं वर गेले. काकांनी दार अर्धंच उघडलं.

"काका, एक काम होतं..."

"नाही."

"अहो, अजून सांगितलंच कुठे?"

"भिंती पातळ आहेत. सगळं ऐकलंय मी. त्या कचेरीची पायरी मी चढणार नाही."

दार बंद झालं.

"झालं याच्या मनासारखं," जिना उतरताना सोफेवाला म्हणाला. "आता नुसतं गप्प बसला तरी आपली ब्याद टळतेय."

त्याने नवीन कामं घेणं थांबवलं. अर्धवट सोफे परत पाठवले. मुलगी इथे जन्मलेली, तिला राहता येणार होतं. तिला एकटीला मागे ठेवायचं की शिक्षण मोडून सोबत न्यायचं, यावर नवराबायको रोज भांडत आणि रोज रडून भांडण अर्ध्यावर सोडत. सोफेवाला आतून पार खचला होता.

एके सकाळी काका दुकानाच्या दारात उभे.

"हातोडी का बंद आहे?"

"आता कशाला ठोकू? कुणासाठी?"

काकांनी रिकाम्या दुकानावर नजर फिरवली. "मला करमत नाहीये," ते चिडून म्हणाले. "चल त्या वकिलिणीकडे."

वकीलबाईंना त्यांनी एवढंच विचारलं, "साक्ष दिली, हुकूम फिरला. मागाहून कोणी म्हणालं, हा साक्षीदारच वाईट माणूस आहे, तर सगळं रद्द होतं का?"

वकीलबाई हसल्या. "वाईट माणसालाही डोळे असतात, काका. एकदा सही झाली की पक्कं. फक्त खोटं बोलू नका."

"खोटं मी बोलत नाही."

बाहेर आल्यावर बायकोने नवऱ्याची बाही ओढली. "असं का विचारलं त्यांनी? उलटीच साक्ष द्यायचा बेत नाही ना?"

"असेलही. पण दुसरं आहे कोण? आता सगळं वरच्याच्या हातात."

"कुठल्या वरच्याच्या?" ती म्हणाली.

सुनावणीला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. काखेत कपड्यांनी फुगलेली पिशवी. "मुक्कामाला आलेत की काय!" बायको पुटपुटली. हसू मात्र कोणालाच आलं नाही.

"याला ओळखता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"चांगलाच. माझ्या आयुष्याची वाट लावलीय याने."

सोफेवाल्याने डोळे मिटून घेतले.

"मध्ये कधी देश सोडून गेला होता?"

"गेला असता तर मी सुखाने झोपलो असतो! रोज सकाळी याच्या हातोडीने जाग येते मला. मुलगी झाली त्या दुपारी थांबली होती, संध्याकाळी पुन्हा सुरू. तापाने फणफणला होता तेव्हा बसून ठोकत होता, आवाज हलका यायचा. हा इथेच होता, साहेब. सगळी वर्षं, माझ्या पायाखाली. माणूस कटकट्या आहे, पण कष्टाचं खातो."

अधिकाऱ्यालाही हसू आवरलं नाही. त्याने आणखी चार प्रश्न विचारले, साक्षीवर काकांची सही घेतली, मग हुकूम रद्द केल्याच्या कागदावर स्वतःची केली. सोफेवाल्याच्या बायकोला रडू फुटलं. सोफेवाल्याने काकांचा हात धरला. त्याला इतका आनंद झाला होता की वैर कशावरून होतं तेही आठवेना.

त्या कचेरीची रीत अशी, की साक्ष आधी ऐकायची आणि साक्षीदाराची नोंद शेवटी करायची. अधिकाऱ्याने हात पुढे केला. "काका, तुमचं ओळखपत्र दाखवा आणि सुटा."

काकांनी वकीलबाईंकडे वळून पाहिलं. "याचं आता पक्कं ना?"

"अगदी पक्कं."

"मग सांगायला हरकत नाही," काका अधिकाऱ्याला म्हणाले. "हा इथे यायच्याही आधी मला देश सोडायचा हुकूम निघाला होता, साहेब. मी गेलो नाही, एवढंच."