पाहुणी करंज्याची

गुणाबाईच्या कुंपणाच्या कोपऱ्यात डुकरीण मरून पडली होती आणि तिची पिल्लं तिच्याच पोटाशी चिखल उकरत होती. जनावरांची डॉक्टर पद्मजा लसीचा थर्मास घेऊन पनवेलहून लूना दामटत आली होती. थर्मास खाली ठेवून तिनं एकेका पिल्लाला ताप आहे का पाहिलं. एकालाही नव्हता.

हे तिला पटेना. लस घेतलेल्या डुकरिणीच्या चिकातून पिल्लांना आयतं संरक्षण मिळतं. ते अंगात असताना पिल्लांना टोचलं, तर लस वाया जाते. पुढं ते संरक्षणही ओसरतं आणि पिल्लं उघडी पडतात. नवी नोकरी, उत्साह दांडगा. पद्मजानं खाडीकाठच्या या वस्तीतली सगळी पिल्लं अंगावर पीत असतानाच टोचून टाकली होती. चूक उमगल्यावर तिनं पुन्हा लस मागवली. लसीच्या आधी डुकरांचा ताप पोचला. शेजारच्या दयारामकडं एक पिल्लू उरलं नव्हतं.

"गुणाबाई, आजारात पिल्लं हिच्यापासून वेगळी ठेवली होती?"

"कशी ठेवू, बाई? मरेपर्यंत तिलाच चिकटून व्हती. तुमी ठेवली असती?"

लस घेतलेली आई तापानं गेली, आणि ज्यांची लस फुकट गेली ती पिल्लं त्याच तापात लोळून धडधाकट. सगळं उलटं. पद्मजा वाकली. टोचलेल्या प्रत्येक डुकरिणीच्या कानाला ती खाच पाडत असे. तिनं कानांवरचा चिखल पुसला. दोन्ही कान अखंड होते.

"मोठ्या डुकरिणींना टोचलं, त्या दिवशी ही कुठं होती?"

गुणाबाईनं पदर तोंडाशी नेला. "करंज्याला. भयनीकडं पाहुणी धाडली व्हती, टेम्पोत घालून. गाभण व्हती ना. सुईनं गाभ पडतो म्हनतात." मग हळूच म्हणाली, "माझ्या लबाडीनं गेली, नाय?"

"हो, गुणाबाई."

पद्मजा तशीच चिखलात टेकली. कित्येक दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला. एक पिल्लू येऊन तिची चप्पल हुंगू लागलं.

"आणि त्याच लबाडीनं ही जगली," ती म्हणाली. "आईकडून त्यांना काहीच मिळालं नव्हतं, म्हणून तर माझी लस लागू पडली."