उजवीकडे वळा

"उजवीकडे वळा," यंत्र म्हणालं. धाकटी सरळ गेली.

"मार्ग पुन्हा शोधत आहे," यंत्र म्हणालं. रस्ता सांगणारं ते जुनं डबडं गाडीच्या काचेला चिकटून बरीच वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत ते एकदाही चिडलं नव्हतं. त्याच्या जागी नवरा बसला असता तर पहिल्याच आठवड्यात दोघांची तोंडं दोन दिशांना झाली असती.

धाकटीचं काम कवळ्या बनवायचं. दिवसभर मेणात इवलेइवले दात बसवायचे आणि संध्याकाळी तयार कवळ्या गाडीत घालून दवाखान्यांत पोचवायच्या. फेरीतला शेवटचा थांबा ताईकडे. ताई म्हणजे थोरली बहीण. गुडघ्यांनी जेरीला आलेली, सारा वेळ खिडकीपाशी बसून चौकातली रहदारी बघणारी. तिचं घर चौकातून उजवीकडे वळलं की तिसरंच. धाकटी मात्र चौक ओलांडून पुढे जायची, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि त्याच चौकात आडवी शिरून सरळ ताईच्या दारात. असा द्राविडी प्राणायाम करून ती पोचली की चहा नेमका उकळलेला असायचा.

"तुला माझ्या येण्याचा वास लागतो का गं?" ती विचारायची. ताई नुसती हसायची आणि कप पुढे करायची.

चार वर्षांपूर्वी असंच उजवीकडे वळताना समोरून टेम्पो आला होता. गाडीचं डावं दार आत गेलं. धाकटीला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पुढून वळायचं म्हटलं की तिची पाचावर धारण बसायची. आज नको, उद्या वळू, असं ती रोज स्वतःला सांगायची. दुसऱ्या कुणाला सांगायची तिला लाज वाटे. जे दवाखाने डावीकडून फारच लांब पडत, ते तिने एकेक करून सोडून दिले होते. काम झेपत नाही म्हणाली. तिला काम झेपत नाही, हे लोकांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

एके दिवशी एका डॉक्टरांनी तिला दारातच गाठलं. "बाई, पेशंट केव्हाचा बोळकं उघडून बसलाय! तुम्ही तर पाठीमागच्या गल्लीतच असता. काखेत कळसा नि गावाला वळसा! ते तुमचं यंत्र जुनं झालंय, वाट चुकवतंय. नवीन घ्या."

बिचाऱ्या यंत्रावर आळ आला आणि धाकटीने तो येऊ दिला. वर लगेच दुकानातही गेली.

दुकानदाराने नवं यंत्र तिच्या हातात ठेवलं. पडदा तळहाताएवढा मोठा, आवाज लोण्यासारखा. "आणि ह्यातली खरी गंमत सांगू? जे नको ते टाळता येतं. टोल टाळा, कच्चा रस्ता टाळा, उजवं वळण टाळा..."

"उजवं वळण टाळता येतं?"

"एक बटण दाबायचं. मग हे जन्मात तुम्हाला उजवीकडे वळा म्हणणार नाही."

धाकटीला तिथेच रडू यायचं बाकी राहिलं. म्हणजे आपल्यासारखे आणखीही आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी बटण केलंय! तिने अधीर होऊन बोट टेकवलं. पडद्यावर प्रश्न उमटला, "उजवी वळणं कायमची टाळायची का?" खाली हो आणि नाही.

कायमची?

तिचं बोट हवेतच राहिलं. चार वर्षं ती आजचं मरण उद्यावर ढकलत होती खरी, पण उद्या तरी शिल्लक होता. इथे हो म्हटलं की तोही संपला. आणि तिला ते जुनं डबडं आठवलं. आदल्या दिवशी तिने ऐकलेलं नसायचं, तरी दुसऱ्या दिवशी त्याच चौकात ते तितक्याच आशेने म्हणायचं, उजवीकडे वळा. एवढा भरवसा तिच्यावर तिने स्वतःही ठेवला नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "माझं जुनंच बरं आहे."

"अहो, पण त्यात ही सोय नाही!"

"म्हणूनच."

संध्याकाळी चौक आला. "उजवीकडे वळा," यंत्र म्हणालं. धाकटीने इंडिकेटर दिला आणि चौकाच्या मध्यावर जाऊन थांबली. समोरून एक बस गेली, तिच्यामागून दोन मोटारी गेल्या. मागचा हॉर्न वाजवायला लागला. "थांब रे बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी चार वर्षं थांबलेय!" मग समोरचा रस्ता मोकळा झाला. तिने जीव मुठीत धरला आणि चाक फिरवलं.

यंत्र गप्प होतं. शोधायला काही उरलंच नव्हतं.

धाकटी गाडीत एकटीच ओरडली. कसली विजयी आरोळी होती ती! तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीन-तीन पायऱ्या गाळत जिना चढावा तशी ती ताईच्या दाराशी पोचली आणि बेल दाबून धरली.

दार उघडायला वेळ लागला. गुडघे विसरून धावत आलेली ताई समोर उभी होती. हातात कोरडं पातेलं, आणि डोळे वाहत होते.

"अगं, तुझी गाडी चौकातून सरळ पुढे गेलेली दिसली की मी चहा टाकते," ताई म्हणाली. "आज तू पुढे गेलीच नाहीस!"