माफीचा शेरा

हारूनची बायको गुलबानू आजारी पडली आणि त्याच्या क्रेडिट कार्डावर कर्ज चढलं. ती गेल्यावर सोहारच्या बँकेने अर्धी थकबाकी माफ केली, उरलेली त्याने फेडली. ओमानात पगारावर कर नाही, माफ झालेल्या रकमेवरही लागला नाही. हारूनला वाटलं, खलास, विषय मिटला. यंदा गाडीसाठी कर्ज मागायला तो लेकीसोबत, उजमासोबत, गेला, तेव्हा बँकेतल्या बाईंनी त्याचा क्रेडिट रिपोर्ट दाखवला. त्यावर शेरा होता: पूर्ण फेड नाही. "काही वर्षांनी आपोआप निघेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर माफ झालेली रक्कम भरा." हारूनने गाडीच्या डाउन पेमेंटसाठी आणलेले रियाल काढले. उजमाने त्याचा हात धरला. "अब्बा, माफ झालंय ना? मग कशाला?" "ते कर्ज तुझ्या अम्मीच्या औषधांचं होतं. तिच्यासाठी मी हात आखडता घेतला, असं कुठं लिहिलेलं नको." हात सोडून उजमानेच नोटा पुढे सरकवल्या.