सहावी पाकळी

साहेब भिंगातून चित्रातल्या पाकळ्या मोजत होता आणि चितारी साहेबाचे ओठ बघत होता. मोजताना साहेबाचे ओठ हलायचे. ते पाचवर थांबले नाहीत.

टेबलावर चित्राशेजारी खरं रोपही ठेवलेलं होतं, पण त्यावर आता फूल नव्हतं. या रोपाचं फूल पहाटे उमलायचं आणि ऊन अंगावर आलं की तासाभरात गळून मातीत मिसळायचं. ते बघायचं तर उजाडायच्या आत डोंगराचा उतार चढायला हवा. साहेबाचा पाय आठ दिवस सुजलेला होता. म्हणून चितारी एकटाच गेला, तिथेच बसून रंग भरले आणि सरळ बंगल्यावर आला.

"चितारीबुवा, हात किती पुसाल?" दाराशी उभा असलेला कारकून हळूच म्हणाला. "कातडी निघेल."

चिताऱ्याने फडकं खिशात कोंबलं.

साहेबाच्या जाड पुस्तकात दुसऱ्या एका मुलखातलं असंच रोप होतं. अशीच पानं, पाच पाकळ्या, आणि मूळ उगाळून दिलं की बाळंतिणीचं रक्त थांबतं, अशी खाली नोंद. इथल्या फुलाच्या पाकळ्या पाच निघाल्या, तर रोप तेच ठरणार होतं. मग उताराला तारेचं कुंपण पडणार, पहारा बसणार. गेल्या वर्षी तापावरच्या सालीच्या झाडांचं तेच झालं. चिताऱ्याने काढलेलं चित्र हातात धरून माणसं रानात फिरली आणि त्यांच्या नजरेतून एकही झाड सुटलं नाही. आता आळीत कुणाला हीव भरलं की घरची माणसं चिताऱ्याशी बोलायची थांबत.

चिताऱ्याची बायको सुईण होती. हे मूळ ओलंच लागतं, वाळवून ठेवता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. घरात लेकीला नववा सरत आला होता, आणि पहिल्या खेपेला ती वाचली होती ती या मुळावरच. "एक पाकळी जास्त काढल्याने तुमचा हात झडणार नाही," बायको म्हणाली होती. पाचाच्या सहा झाल्या की साहेबाचा हिशोब जुळणार नाही, तो रोप रानगवत म्हणून टाकून देईल, असं दोघांनी ठरवलं होतं.

"सहा," साहेब म्हणाला. इथली भाषा तो पुस्तकातून शिकला होता. लहानथोर सगळ्यांना तू म्हणायचा. "नीट बघितलंस?"

"बघितलं."

"किती फुलं?"

"दहा-बारा असतील. सगळी सहाचीच."

साहेबाने पुस्तक मिटलं. चितारी आपले कुंचले गोळा करू लागला. पण साहेबाने रोप टाकून दिलं नाही. तो सुजल्या पायावर उभा राहिला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने चिताऱ्यापुढे खुर्ची सरकवली.

हे रोप आजवर जगात कुणालाच माहीत नव्हतं, असं त्याने सांगितलं. कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बोट चार दिवसांनी सुटणार होती; तोवर उतारावरची रोपं मुळांसकट काढायची, ओल्या शेवाळात गुंडाळायची, पेट्यांत भरायची. बियाण्याला किती ठेवायची, असं कारकुनाने विचारलं. एकही नाही, साहेब म्हणाला. ठेवली तर मागून दुसरा कुणीतरी येऊन नेईल. खणायला आत्ताच सुरुवात करा. कारकून माणसं जमवायला धावला.

चितारी खुर्चीवर टेकलाच नव्हता. "साहेब, चूक झाली. पाकळ्या पाचच आहेत."

साहेब हसला. "तुझी चूक? बारा वर्षांत तू पानाची एक शीर चुकवली नाहीस."

"मुद्दाम चुकवली. उद्या पहाटे कुणालाही वर पाठवा, मोजू द्या."

"पहाटेपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे?" साहेबाच्या कपाळावर आठी आली. "आणखी कुणी विचारलं का तुला या रोपाबद्दल? जास्त देतो म्हणाला का?"

चिताऱ्याने नकारार्थी मान हलवली. मग आपण काय बोलतो आहोत याचा विचार न करता तो म्हणाला, "दोन रोपं राहू द्या, साहेब. हे बाळंतिणीचं मूळ आहे. लेक अवघडलेली आहे घरात."

साहेबाची आठी गेली. शाळेतल्या पोराला समजवावं तसं त्याने चित्रावर बोट ठेवलं. "बाळंतिणीचं मूळ पाच पाकळ्यांचं असतं. हे सहाचं आहे. तूच काढलंयस."

बाहेर अंगणात फळ्यांवर खिळे ठोकायला सुरुवात झाली. टोपल्या आणि कुदळी घेतलेली माणसं फाटकातून बाहेर पडत होती. त्यांत आळीतली दोन-तीन ओळखीची होती. मजुरी मिळणार म्हणून खुशीत होती.

साहेबाने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ती चिताऱ्यापुढे ठेवली. हे रोपाचं नाव, चित्राखाली लिही, म्हणाला, तुझा हात सुबक आहे. चिताऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती. त्याने बारीक कुंचला घेतला आणि पानाच्या शिरा उतरवाव्यात तशी एकेक अक्षराची वळणं उतरवली. एकही चुकलं नाही.

"माझ्या आईचं नाव आहे," शाई वाळेपर्यंत साहेब त्याच्या खांद्यावरून बघत राहिला. "तुझ्या लेकीला मुलगी झाली, तर हेच ठेव."