ओळंबा

दुपारी रसमड्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून वैशाली नगरातल्या घरी आलो, तर काचेच्या टाकीतले चारही मासे भिंतीकडे कलून पोहत होते. एक कलला असता तर आजारी म्हटलं असतं. हे चारही सारखेच कलले होते.

मासा पाठ उजेडाकडे धरतो, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून खिडकी लावली आणि टाकीच्या वरचा दिवा लावला. तरी ते तसेच.

मग वाटलं, टेबलच वाकडं असेल. कारखान्यात खांब उभारायचं माझं काम, त्यामुळे सपाटी बघायची बुडबुड्याची लेव्हल पिशवीत होतीच. ती टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.

"कांता, मासे असे कावून करून राहिले?"

"काय करून राहिले?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "सकाळपासून तर बरे हायेत."

शेवटी ओळंबा काढला आणि दोरी हातात धरली. टोकाचं वजन झुललं, शांत झालं. दोरी तिरपी होती, थेट माशांसारखी. लेव्हल एक सांगत होती, ओळंबा दुसरंच. आणि याच ओळंब्यानं मी सकाळी एक खांब उभा करून आलो होतो.

कांता चहा घेऊन दारात आली. तीही भिंतीकडे कललेली होती, आरामात. कपातला चहा एका काठाला चढला होता, पण सांडत नव्हता.

तिनं माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मासे तर सरळ हायेत," ती म्हणाली. "तुमी कावून असे तिरपे होऊन राहिले जी?"