बिल्ला

पालीला घाबरून पलंगावर चढणारी ताई आज मतदान केंद्राची प्रमुख होती. डबा घेऊन आलेल्या धाकट्या बहिणीलाही तिनं दारातच अडवलं, "आत फक्त मतदार." धाकटीनं नाक मुरडलं. तेवढ्यात छातीवर पक्षाचा बिल्ला लावून मंत्रीच आले. रांग आपोआप बाजूला झाली, पोलीस ताठ उभा राहिला. ताई मात्र वाटेत येऊन थांबली. "साहेब, बिल्ला काढावा लागेल. आणि रांग तिकडून आहे." "मी कोण आहे, ठाऊक आहे ना?" "हो. या केंद्राचे मतदार." 'गेली हिची नोकरी!' धाकटीला वाटलं. ताई मात्र तसूभरही हलली नाही. मंत्र्यांनी सावकाश बिल्ला काढला आणि धाकटीच्या हातात दिला. "धर गं जरा. मॅडम फार कडक आहेत." "माहितीये," धाकटी अभिमानानं म्हणाली, "मलाही बाहेरच ठेवलंय."