पिवळ्या फिती

ट्रेकमध्ये सगळ्यात मागून आलेल्या अवधूतने मुक्कामाच्या घरी पोचताच पाठीवरची सॅक उतरवली आणि त्यातली कचऱ्याची पिशवी अंगणात उपडी केली. बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि पिवळ्या फितींचा हा एवढा गुंता बाहेर पडला.

“बघा, लोक झाडाझुडपांनाही सोडत नाहीत! अख्ख्या दरीत बांधून ठेवल्यात. एक तेवढी उंच फांदीवर राहिली, हातच पुरेना.”

सगळ्यांच्या पुढे राहून वाट काढणाऱ्या देवदत्तने चहाचा कप खाली ठेवला.

“अवधूत, त्या मी बांधल्या रे. तुझ्या मिहिरसाठी. त्याची एसटी चुकली. सकाळी फोन आला, मागून एकटा येतो म्हणाला. दादाला सांगू नका, एकदम समोर जाऊन उभा राहतो, म्हणाला.”

अवधूत तसाच दरीकडे धावला. घसा बसेपर्यंत त्याने धुक्यात धाकट्या भावाला हाका मारल्या. समोरच्या कड्यावरून त्याचाच आवाज परत येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिहिर गावकऱ्यांना सापडला. उंच फांदीवरची ती फीत बघून, वाट बरोबर आहे अशा भरवशाने तो पुढे निघाला असणार. थोडं पुढे वाट डावीकडे वळत होती. त्या वळणावरची फीत अवधूतच्या पिशवीत होती. मिहिर सरळ गेला, आणि सरळ कडाच होता.

पंचनाम्याच्या वेळी त्याचे खिसे तपासले. आत चॉकलेटचे रिकामे कागद निघाले, नीट घडी घातलेले. डोंगरात काही टाकायचं नाही, हे त्याला दादानेच शिकवलं होतं.